‘बिटर’ला कडू म्हणावे का?

इंग्रजी कथेचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : पात्र पबमध्ये जाऊन ‘पाइंटभर बिटर’ (बिटर ही इंग्लंडमधली एक बिअर) मागते, तेव्हा मराठीत ‘कडू बिअर’ लिहावे, ‘कडक बिअर’ लिहावे, की ‘बिटर’ हा शब्द तसाच ठेवावा? माझ्या मते तो तसाच ठेवावा.

‘कडक’ तर मुळीच नको. मराठीत चहा किंवा दारू कडक असते ती जोराने, आणि साधी बिटर जोरदार नसते. तिच्यात अल्कोहोल बहुधा ३.५ ते ४.५ टक्के असते.

‘कडू’ची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या गिऱ्हाइकांनी हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) जास्त घातलेल्या पेल एलला, म्हणजे फिकट रंगाच्या बिअरला, ‘बिटर’ म्हणायला सुरुवात केली, ती शेजारच्या पिपातल्या, कमी कडू अशा ‘माइल्ड’ बिअरपासून तिला वेगळे ओळखण्यासाठी. म्हणजे हे तुलनेतून पडलेले नाव आहे. आपण खाऱ्या पाण्याच्या तुलनेत ‘गोडे पाणी’ म्हणतो आणि त्यात साखरेची चव कोणी शोधत नाही, तसेच हे आहे.

शब्दांच्या कुळात शिरले, तर आणखी मौज आहे. ‘कडू’ हा शब्द संस्कृत ‘कटु’पासून आला, पण आयुर्वेदाच्या सहा रसांत ‘कटु’ म्हणजे मिरी-सुंठीचा तिखट रस, आणि कडुनिंबाचा कडू रस तो ‘तिक्त’. उलट आपला ‘तिखट’ हा शब्द ‘तीक्ष्ण’पासून आला आणि ‘तिक्त’ व ‘तीक्ष्ण’ दोन्ही ‘तिज्’ या, धार लावणे असा अर्थ असलेल्या एकाच धातूचे. इंग्रजी ‘बिटर’चेही नाते ‘चावणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी आहे. जिभेला बोचणाऱ्या चवींची नावे दोन्ही भाषांत बोचण्या-चावण्यातूनच घडली, हे मला फार लक्षणीय वाटते.

नावाचे भाषांतर नको, पण चवीचे वर्णन मराठीतच व्हावे, आणि त्यासाठी लागणारे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. इंग्लंडच्या ससेक्स परगण्यातल्या लुइस गावी, जिथे हार्वीज ही बिअर बनवणारी जुनी ब्रूअरी आहे, मी तिथलीच ‘ससेक्स बेस्ट’ ही बिटर प्यायलो होतो. पबवाल्या बाईंनी हातपंपाचा लांब दांडा सावकाश ओढून तळघरातल्या पिपातून ती काढली. रंग तांबूस, वर पातळ फेस. पहिल्या घोटात भाजलेल्या धान्याचा खमंगपणा आणि किंचित गोडवा लागला, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या भागावर मेथीच्या भाजीसारखी चव हळूहळू उमटून बराच वेळ टिकली. तिला मी ‘कडू’ म्हणणार नाही, ‘कडूजहर’ तर नाहीच; ‘कडवट’सुद्धा जरा जास्त होईल. तिला नेमका शब्द ‘कडसर’, आणि शेवटी जीभ किंचित आखडते त्यासाठी ‘तुरटसर’.

अनुवादात आणखी दोन ठिकाणी घसरण्याचा धोका असतो. पहिले म्हणजे, ही बिअर ‘कोमट’ असते असे सर्रास लिहिले जाते. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस ठेवलेले असते, तेव्हा ती ‘थंडगार’ नसली तरी ‘गार’ नक्की असते. हिवाळ्याच्या पहाटे ओट्यावरच्या माठातले पाणी असते तशी. दुसरे म्हणजे, तिला ‘सपक’ किंवा ‘गॅस गेलेली’ म्हणू नये. पिपात यीस्ट जिवंत असते आणि तिथे ती दुसऱ्यांदा आंबते, त्यातून येणारा वायू सौम्य असतो. बाहेरून दाबाने वायू भरलेल्या बिअरसारखा तो नाकात जात नाही. हीच पद्धत टिकावी म्हणून १९७१ मध्ये ‘कामरा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली.

बिअर ज्यात साठवतात त्या ‘कास्क’साठी मात्र ‘पीप’ निःशंकपणे वापरावे. हा शब्द पोर्तुगीज ‘पिपा’वरून मराठीत आला, आणि तिथेही त्याचा अर्थ दारूचे लाकडी पिंप असाच आहे. आज इंग्लंडमध्ये ही पिपे बहुतेक धातूची असतात, आणि पबमध्ये नेहमी दिसणाऱ्या ९ गॅलनांच्या, म्हणजे सुमारे ४१ लिटरच्या पिपाला ‘फर्किन’ म्हणतात. लिंगाचे म्हणाल, तर बिअर स्त्रीलिंगी म्हणून बिटरही स्त्रीलिंगी : ‘त्याने पाइंटभर बिटर मागितली, ती गार होती, कडसर होती.’