चित्रकला येत नसताना फॅशन डिझाइनची चित्रं थेट सॉफ्टवेअरवर काढायला शिकता येतील का?

येतील. तुम्ही लिहिलंय की वय 26, शिक्षण कॉमर्सचं, शाळा सुटल्यापासून चित्रासाठी पेन्सिल धरलेली नाही. आणि विचारताय की आधी हाताने रेखाटन शिकायलाच हवं का, आणि आयपॅड घेऊन प्रोक्रिएट शिकावं की लॅपटॉपवर इलस्ट्रेटर. अशा प्रश्नाला हमखास मिळणारं उत्तर म्हणजे "आधी दोन वर्षं पेन्सिल घासा, हात तयार होऊ द्या, मग कॉम्प्युटरकडे वळा." हे मी शाळेपासून ऐकत आलेय आणि ते चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला आधी शिवण समजली पाहिजे. हाताचं नंतर बघू.

माझे मामा चित्रकला शिक्षक. महापालिकेच्या शाळेत त्यांनी उभं आयुष्य काढलं, किती मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं त्याला गणती नाही. मी इंटरमिजिएटची तयारी करत होते तेव्हा माझं स्थिरचित्र बघून ते आईला म्हणाले, "ताई, हिचा हात जड आहे. हिला यात घालू नकोस." आईने ऐकलं. मी कॉमर्सला गेले, तुमच्यासारखीच.

आई काळाचौकीच्या आमच्या खोलीत शिलाई करायची. ब्लाउज, परकर, आणि बारशाची ऑर्डर आली की झबली-टोपडी. मी शेजारी बसून काजं करायची, हुक लावायची, गळ्याची पट्टी उलटवून द्यायची. उरेब (तिरकं कापलेलं) कापड का ताणतं, मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोल) अर्धा इंच कमी पडला की हात वर का होत नाही, हे मला अकरावीच्या अकाउंट्सच्या आधी कळत होतं. ते शिक्षण आहे असं मात्र घरात कुणी म्हणालं नाही, मामा तर नाहीच.

बी.कॉम. झाल्यावर अंधेरीच्या एमआयडीसीत एका एक्स्पोर्ट हाउसमध्ये असिस्टंट मर्चंडायझर म्हणून लागले. मापांचे तक्ते भरायचे, बटणं-लेबलांच्या मागे लागायचं, बायरच्या मेलना उत्तरं द्यायची. आमची डिझायनर आर्ट स्कूलमधून आलेली, आणि तिचा हात खरोखर देखणा होता. नऊ डोक्यांची उंच फिगर (माणूस प्रत्यक्षात साडेसात डोक्यांचा, फॅशनच्या चित्रात पाय ताणून नऊ करतात), मान किंचित कललेली, एक हात कमरेवर, केस खांद्यावरून पुढे आलेले, जॉर्जेटचा घेर वाऱ्यावर. बघत राहावं असं चित्र. बायरने त्यावरूनच एक ड्रेस निवडला, पुढून दोन पदर एकमेकांवर येणारा, कमरेला बांधायचा बंद (नाडीसारखी पट्टी) असलेला.

चित्र पॅटर्न मास्टरांच्या टेबलावर गेलं. त्यांनी ते बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "मॅडम, ये खुलेगा किधर से?"

याचं उत्तर त्या चित्रात कुठेही नव्हतं. कमरेवर ठेवलेला हात नेमका बाजूच्या शिवणीवर. खांद्याची शिवण केसांखाली. पाठ काढलेलीच नाही. अस्तर आहे की नाही, बंद कुठून निघतो, आतला पदर कुठे जाऊन थांबतो, काही नाही. डिझायनर कापड बघायला सुरतला गेलेली, तिचा फोन लागेना, सॅम्पल पाठवायची तारीख डोक्यावर. मास्टरांनी त्यांच्या परीने वाट काढली. दोन्ही पदर एकावर एक ठेवून शिवून टाकले, बाजूला चेन बसवली आणि वरून दिसण्यापुरता बंद लावला. शिवण्यात एक खोट नव्हती. बायरचा शेरा आला की हा खोटा रॅप आहे, आम्हाला खरा हवा, अंगाभोवती गुंडाळून बांधायचा. प्रोटो सॅम्पल, म्हणजे पहिला नमुना, पुन्हा करा.

आणि मीटिंगमध्ये ओरडा बसला तो मास्टरांना. तीस वर्षं कात्री चालवलेल्या माणसाला सगळ्यांसमोर सांगितलं गेलं की तुला चित्र वाचता येत नाही. त्याचा राग मला अजून येतो.

ऑफिसच्या एका पीसीवर कोरलड्रॉ हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर होतं, हँगटॅग आणि खोक्यांवरच्या खुणा करण्यासाठी. मी संध्याकाळी त्यावर बसले. तो ड्रेस मला कळत होता, कारण बांधणीने ते मोठं झबलंच होतं. झबल्याला एक बंद आत आणि एक बाहेर असतो. इथे उजवा पदर वर, डावा आत. आतल्या पदराचा बंद उजव्या बाजूच्या शिवणीत ठेवलेल्या भोकातून बाहेर काढायचा, पाठीवरून फिरवून डावीकडे आणायचा आणि वरच्या पदराच्या बंदाला बांधायचा. ते शिवणीतलं भोक हाच त्या कपड्याचा प्राण. ते नसेल तर कपडा गुंडाळताच येत नाही. मी पुढची बाजू काढली, पाठ काढली, आणि तिसरं चित्र काढलं पदर उघडल्यावर आतून कसं दिसेल त्याचं. झाकलेल्या भागाची रेघ तुटक. ना चेहरा, ना हात, ना केस. जमिनीवर सपाट पसरलेला नुसता कपडा.

मास्टरांनी प्रिंट टेबलावर ठेवली, टेपने दोन मापं ताडून पाहिली आणि एकच विचारलं, "होल कितने का?" मी म्हटलं सव्वा इंच, बंद तयार होऊन एक इंचाचा आहे. त्यांनी खडू उचलला. ते सॅम्पल पास झालं.

या चित्राला धंद्यात फ्लॅट म्हणतात, आणि आज माझं घर त्याच्यावर चालतं. टेकपॅक (फ्लॅट, मापं आणि शिवण्याच्या सूचना एकत्र असलेली फाइल) करून देते, मुंबईतल्या ब्रँडना आणि बाहेरच्यांनाही. त्या वर्षी गणपतीत मी ती प्रिंट मामांना दाखवली. ते म्हणाले, "छान आहे, पण हे कॉम्प्युटरने काढलंय." तेव्हापासून हा वाद दर गणपतीत होतो. तुमच्या निमित्ताने एकदा सविस्तर लिहून टाकते.

अशा सॉफ्टवेअरमध्ये रेघ काढायचं जे पेन टूल असतं ते हात मागत नाही. बिंदू ठेवायचा, हँडल ओढायचं, वळण मनासारखं होईपर्यंत हलवत राहायचं. जड हाताने काढलेलं वळण आणि हलक्या हाताने काढलेलं वळण यांत फरक उरत नाही. फरक उरतो तो बिंदू कुठे ठेवायचा हे माहीत असण्यात. मुंढा काढताना एक बिंदू खांद्याच्या टोकाला, एक काखेच्या तळाला, आणि मधला तिथे जिथे वळण छातीकडे आत शिरतं. हे कॉम्प्युटर सांगत नाही. ज्याने बाही जोडलीय त्याला ते माहीत असतं, आणि ज्याने नऊ डोक्यांच्या शंभर फिगरी काढल्यात त्याला माहीत असेलच असं नाही.

मामांचं हुकमी पान म्हणजे वेशभूषाकार भानू अथैया. कोल्हापूरच्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या, आणि 1983 मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. "त्या रेखाटनातूनच वर आल्या ना?" आल्या. 'ईव्ह्ज वीकली'सारख्या मासिकांसाठी त्या फॅशनची चित्रं काढायच्या. पण ती चित्रं छापण्यासाठी होती, वाचकाला दाखवण्यासाठी. पुढे त्याच मासिकाच्या संपादिकेने बुटीक काढलं आणि यांना प्रत्यक्ष कपडे करून बघायला सांगितलं. त्यांचा खरा रस्ता तिथून सुरू झाला, कापडाला हात लावल्यावर. मी हे उदाहरण माझ्याच बाजूचं मानते.

आता तुमच्या प्रश्नाकडे. आयपॅड लगेच घेऊ नका. प्रोक्रिएट उत्तम आहे, पैसे एकदाच भरायचे, समोरासमोरचे दोन भाग एकदम काढणारी सिमेट्रीची सोय आहे. पण ते फक्त आयपॅडवर चालतं आणि त्यातलं चित्र पिक्सेलचं, मोठं केलं की रेघ फाटते. मूड दाखवायला, कापडाचा पोत रंगवायला ते घ्या. फ्लॅटसाठी वेक्टर लागतं, म्हणजे कितीही मोठं केलं तरी रेघ न फाटणारं चित्र. इलस्ट्रेटर 1987 पासून आहे आणि एक्स्पोर्टमध्ये बहुतेक त्याचीच फाइल मागतात, पण त्याचं भाडं भरत राहावं लागतं. म्हणून सुरुवात इंकस्केपवर करा. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, माउस पुरतो. पेन टूलचं तत्त्व तेच, पुढे इलस्ट्रेटरवर जाताना फक्त बटणांच्या जागा बदलतात. कोरलड्रॉ आलं तरी वाया जात नाही, प्रिंटिंगवाल्यांकडे तेच असतं.

पहिला कपडा मनातून काढू नका. घरातला एक शर्ट जमिनीवर पसरा, बटणं लावून, बाह्या सरळ करून. टेपने मोजा: छातीची रुंदी, खांदा, लांबी, बाही, कॉलरची उंची. मग एक-दशांश मापात काढा, म्हणजे लांबी 72 सेंटिमीटर असेल तर स्क्रीनवर 7.2. फक्त अर्धा शर्ट काढायचा, उरलेला आरशासारखा उलटवून जोडायचा. बाहेरची रेघ जाड, साधारण 1 पॉइंट. आतल्या शिवणी अर्ध्या पॉइंटच्या. टीप तुटक आणि त्याहून बारीक. अंगाचा आकार बंद ठेवा, नाहीतर रंग भरताना बाहेर सांडतो. शिवणी वेगळ्या लेयरवर (थरावर), बटणं वेगळ्या. कफच्या वरच्या चिरेला लावलेली पट्टी, पाठीवरचा योक (खांद्याखालचा आडवा जोड), योकखालची प्लीट, काजाची दिशा (कॉलरच्या पट्टीवरचं काज आडवं, खालची उभी) हे सगळं दिसलं पाहिजे. हा एक शर्ट नीट झाला की कुर्ता घ्या, मग नेफा-नाडीची सलवार, मग कळीदार. अनारकलीच्या कळ्या मोजून काढा, अंदाजे रेघा मारू नका. मास्टर त्या मोजतो.

आणि जमलं तर शिलाईचा साधा क्लास लावा, गल्लीतल्या ताई घेतात तोच. मंगलदास मार्केटला किंवा दादरला हिंदमाताला जाऊन कापड हातात धरा, लटकवून बघा. क्रेप कसा पडतो आणि ऑर्गंझा कसा उभा राहतो हे कळल्याशिवाय ब्रशने काढलेल्या चुण्या खोट्याच दिसतात. रंगाचंही तसंच, स्क्रीनवरच्या रंगावर डाइंगवाला काम करत नाही, त्याला पॅन्टोनचा टीसीएक्स नंबर (कापडावरच्या रंगाचा ठरलेला क्रमांक) किंवा कापडाचा तुकडा लागतो.

हाताच्या भरतकामासाठी डिजिटल चित्राचा जो उपयोग होतो तो तर मला सगळ्यात आवडतो. गोवंडी-धारावीतल्या जरीच्या कारखान्यांत नक्षी ट्रेसिंग पेपरवर घेतात, रेघेवरून सुईने बारीक भोकं पाडतात, आणि हा खाका कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड पुसतात. भोकांतून नक्षी खाली उतरते. म्हणजे तुमचं चित्र एकास एक मापात हवं, आणि दोन रेघांत आरीची सुई फिरेल इतकी जागा हवी. स्क्रीनवर वाटेल तेवढं झूम करून भरलेली गच्च वेल कारागीर परत पाठवतो. मी वेल काढली की खऱ्या मापात प्रिंट काढून हातभर लांबून बघते, मगच पाठवते.

काही ठिकाणी माझं म्हणणं लागू होत नाही, तेही सांगायला हवं. तुम्हाला निफ्टसारख्या फॅशनच्या संस्थेत बी.डिझाइनला जायचं असेल तर सर्जनशीलतेची परीक्षा कागदावर हातानेच द्यावी लागते, तिथे पेन्सिल घासल्याशिवाय गत्यंतर नाही. ब्रायडलच्या शोरूममध्ये काम करायचं असेल तर नवरीच्या आईला फ्लॅट दाखवून उपयोग नाही, तिला नटलेली आकृती बघायची असते. सिनेमा-नाटकाच्या वेशभूषेतही दिग्दर्शकाला पात्र दिसावं लागतं. तिथे मामांसारखा शिक्षक सोनं आहे. आणि फिगर मुळीच शिकू नका असं मी म्हणत नाही. तयार क्रोकी (अंगाची नुसती बाह्यरेषा असलेली आकृती) लेयरखाली ठेवून वर कपडा काढत गेलात तरी हळूहळू अंगाचं वळण कळायला लागतं.

पण नोकरी हवी असेल, तर मुंबईत सॅम्पलिंग रूममध्ये बसून स्वच्छ फ्लॅट काढणारी माणसं कमी पडतात. सुंदर आकृती तर आता एआयही क्षणात काढून देतं. त्या आकृतीची पाठ मागा, आतली बाजू मागा, मग बघा पुढच्या आणि मागच्या शिवणी जुळतात का.

क्लास निवडताना त्यांच्या विद्यार्थ्यांचं काम बघायला मागा. भिंतीवर नुसत्या उभ्या मुलीच टांगलेल्या असतील आणि पाठीचं, अस्तराचं, मापांचं एकही पान नसेल, तर फी भरू नका. इंकस्केपवर तो शर्ट झाला की प्रिंट घेऊन कुठल्याही शिंप्याकडे जा आणि काही न सांगता विचारा, यावरून शिवाल का. त्याने काय काय विचारलं ते लिहून आणा, पुढे काय शिकायचं ते त्यावरून ठरवता येईल.