डिव्हायडरच्या कटवर नेहमी अपघात, पण ब्लॅक स्पॉट नाही?

प्रश्न: मानेवाडा रिंग रोडवर आमच्या घराजवळ डिव्हायडरला कट आहे, आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी गाडीसकट पडतंच. तरी म्हणतात हा ब्लॅक स्पॉट नाही. मग किती लोकं मेल्यावर होते?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: भाऊ, राग बरोबर आहे. ब्लॅक स्पॉट म्हणजे जिथं वारंवार मोठे अपघात होतात अशी सरकारनं ठरवलेली जागा. नॅशनल हायवेसाठी केंद्राचा हिशोब असा, की साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमेचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. खरचटलं, इंडिकेटर फुटला, पैसे देऊन मिटवलं, हे कुठं नोंदलंच जात नाही, मग मोजणार काय? त्यात जुन्या एफआयआरमधी जागा म्हणजे 'पेट्रोल पंपाजवळ', आता पंपाच्या अलीकडं का पलीकडं ते शोधत बसा! आता अपघात नोंदायच्या ई-डार ॲपमधी पोलीस जागेवरूनच लोकेशन टाकतात, तेवढं बरं झालं. आपल्याच नागपुरात रस्ता सुरक्षेच्या आयरास्ते प्रोजेक्टमधी मनपाच्या बसेसना कॅमेरे लावून जिथं अपघात थोडक्यात टळतात त्या जागा, म्हणजे ग्रे स्पॉट, शोधले, मले तर हेच जास्त पटते.

अन् स्पीड ब्रेकरच मागू नका बावा. आधी नकाशावर बाण काढून पाहा, कोण कुठून वळत होता, रात्री का दिवसा. सगळे बाण यू-टर्नवालेच निघाले तर कट बंद करा, अंधारातले असतील तर लाईट. अर्जात तारीख, वेळ, दिशा अन् फोटो टाका, सह्या कमी असल्या तरी चालते.