शाळेत असताना जीव टाकायचो ते गाणं आता ऐकलं तर तसंच वाटतं का?

माझ्या बाबतीत गाणं आवडलं नाही असं नाही, पण ते ओळखीचंच वाटेना, त्याची गंमत सांगतो.

आमचं घर देवगड तालुक्यात. १९९९ च्या मे मध्ये मुंबईचा चुलतभाऊ आला, कोकण रेल्वे नुकतीच सुरू झालेली त्यामुळे कणकवलीला उतरून एसटीने, आणि येताना सिल्क रूट या बँडच्या 'बूँदें' अल्बमची कॅसेट घेऊन आला, ओरिजनल नाही, कुणाच्यातरी डबल डेकवर साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतलेली. त्यातलं 'डूबा डूबा' मी दिवसातून किती वेळा ऐकायचो ते मोजलं नाही, पण पेन घालून रीळ मागे फिरवायचो, सेल वाचावेत म्हणून.

सेलचं तर विचारूच नका. घरातला टेप जुना, आतला रबरी पट्टा सैल झालेला, लाईट गेली की सगळं सेलवर. सेल उतरले की मी ते अंगणात उन्हात ठेवायचो, आजीने आमसुलं वाळत घातलेली असायची त्याच्याच कडेला, आणि ती ओरडायची, "रे मेल्या, माझ्या सोलांतले ते सेल काढ आधी!" परत घातले की थोडा वेळ चालायचे, तेही रडत रडत. मोटर हळू फिरली की गाणं संथ होतं आणि आवाजही खाली जातो, हे तेव्हा डोक्यातच नाही. मला वाटायचं गायकाचा आवाजच तसा, जड, झोपेतून उठल्यासारखा. २००७ मध्ये 'जब वी मेट'चं 'तुम से ही' गाजलं ना, ते गाणाऱ्या मोहित चौहानचाच तो आवाज हे मित्राने सांगितलं तर मी त्याच्याशी पैज लावायला निघालेलो. हरलो असतो.

मागच्या पावसाळ्यात कॅसेट शोधली तर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी, आमच्याकडे पुस्तकांना लागते तशीच. मग यूट्यूबवर लावलं. गाणं पळतंय आणि आवाज केवढा मोकळा, केवढा तरुण! स्पीड कमी करून पाहिला तर गाणं संथ झालं पण आवाज खाली येईना, कारण यूट्यूब स्पीड बदललं तरी सूर तोच धरून ठेवतं. शेवटी इंजिनिअरिंगवाल्या भाच्याला गळ घातली, त्याने ऑडॅसिटी नावाच्या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पीड आणि सूर दोन्ही सहा टक्क्यांनी उतरवून फाइल पाठवली, वर विचारतो, "मामा, बिघडवून कशाला हवंय?"

पडवीत बसून लावलं, बाहेर पाऊस, आणि पहिल्या दोन ओळींतच तेच ते. आता मोबाईलमध्ये दोन्ही फाइल आहेत, चांगलीवाली अजून दोनदाच ऐकलीय.