गॅरेजमधलं विमान : वाचकांचे प्रश्न

किट विमान, म्हणजे सुटे भाग मागवून स्वतः जोडायचं विमान, घरी बांधण्याबद्दल नाशिकहून येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र देतो. ओझरचा एचएएलचा विमान कारखाना जवळ असल्यामुळे ‘एचएएलमधल्या एकांनी सांगितलं’ हे वाक्य बऱ्याच पत्रांत असतं. कोणी सांगितलं यापेक्षा किटच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय, ते आधी बघत जा.

इंदिरानगरच्या बंगल्यात दोन गाड्यांचं गॅरेज आहे. आरव्ही-7 हे किट विमान मावेल का?

बांधताना मावेल. पंख जोडल्यावर रुंदी 25 फुटांच्या आसपास होते, म्हणून शेवटच्या जोडणीसाठी हँगर कुठे मिळणार ते आत्ताच विचारून ठेवा.

पत्र्यावर पेन्सिलने खुणा केल्या तर?

करू नका. ग्राफाइटमुळे अ‍ॅल्युमिनियम गंजतं. बारीक मार्कर वापरा.

किटसोबतचे काही बोल्ट हरवले. अंबडला मित्राचं लेथ वर्कशॉप आहे, तो हुबेहूब करून देतो म्हणतो. दुकानदार म्हणतो, 12.9 ग्रेडचा लावा, त्याहून भारी.

दोन्ही नको. मित्राच्या हातात कसब असेल, पण प्रश्न कसबाचा नाही. विमानाच्या बोल्टाचं डोकं फोर्जिंगने घडवतात, हीट ट्रीटमेंट करतात आणि आटे दाबून पाडतात. लेथवर आटे कापून काढले जातात. असा बोल्ट भिंगाखाली धरा: आट्याच्या खाचेच्या तळाशी टूलचे बारीक ओरखडे दिसतील. इंजिनाच्या थरथरीत तडा जातो तो तिथूनच. दुकानदाराचा ‘भारी’ बोल्ट कडक असतो, पण जितका कडक तितका ठिसूळ व्हायचा धोका, आणि चुकीच्या प्लेटिंगने पोलादात हायड्रोजन शिरला की तो पूर्वसूचना न देता तुटतो. स्टेनलेसचा पर्याय सुचवणारेही भेटतील. तो अ‍ॅल्युमिनियमला चिकटून ओलाव्यात राहिला की पत्रा खातो. शिवाय एएन बोल्टाची (विमानासाठीच्या प्रमाणित बोल्टाची) बिनआट्याची लांबी जोडाच्या जाडीप्रमाणे निवडलेली असते, कारण भोकात आटे टेकता कामा नयेत. डोक्यावरची उठावाची फुली बघून भंगारातलाही घेऊ नका. फुली कोणीही उठवेल, सोबत प्रमाणपत्र हवं. हरवलेल्या बोल्टाचा पार्ट नंबर लिहून किट कंपनीकडून मागवा. तो येईपर्यंत काम थांबलं तरी चालेल.

रोटॅक्स 912 इंजिनाला पंपावरचं पेट्रोल चालतं, असं विक्रेता सांगतो. खरं?

विक्रेत्याने अर्धंच सांगितलं. रोटॅक्सची मान्यता 10 टक्के इथेनॉलपर्यंत आहे आणि आपल्याकडे पंपावर 20 टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल ओल ओढतं. पावसाळ्यात विमान उभं राहिलं तर पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसू शकतं, आणि इंजिनाला इंधन तळातूनच जातं. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, चालतं, पण त्यातल्या शिशामुळे इंजिन ऑइल लवकर बदलावं लागतं. पैसे भरण्याआधी रोटॅक्सच्या अधिकृत सेवा केंद्राशी बोला.

अमेरिकेतला 51 टक्क्यांचा नियम पाळला की झालं ना? एजंट म्हणतो, परवानगी नंतर काढून देतो.

निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्याने स्वतः करायचं, हा अमेरिकेचा नियम अमेरिकेत. इथे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं विमान 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, नोंदणी 2017 मध्ये झाली आणि उड्डाणाचा परवाना 2019 मध्ये मिळाला. ‘नंतर’ म्हणजे किती नंतर, ते यावरून समजा. एजंटला एक रुपयाही देऊ नका. किट मागवण्याआधी डीजीसीएला लेखी विचारा, आणि एखाद्या परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. पंख बंद केल्यावर आतलं काम त्याला दिसणार नाही.

रिव्हेट किंचित तिरका बसला. काढू का?

आधी मोजा. ठोकून तयार झालेलं डोकं दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि त्या व्यासाच्या निम्म्या उंचीचं हवं. मापात असेल आणि मॅन्युअलच्या मर्यादेत बसत असेल तर हात लावू नका. काढताना ड्रिल सरकलं की भोक मोठं होतं. झालंच असेल तर मोठा रिव्हेट ठोकण्याआधी फोटो काढून किट कंपनीला विचारा.