थायमस पाठ करणाऱ्या ज्युनियरला

परवा सिव्हिलसमोर चहा पिताना तू म्हणालास, "थायमसमधल्या बहुतेक टी पेशी मारल्या जातात, कारण त्या स्वतःवरच उलटणाऱ्या असतात." थायमस म्हणजे छातीतली ग्रंथी; प्रतिकारशक्तीच्या टी पेशी तिथे घडतात आणि निवडल्या जातात. पण व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) तुझं ते वाक्य बोलू नकोस बाबा. मरणाऱ्यांपैकी बहुतेकींना कुणी मारतच नाही. त्यांचा रिसेप्टर (पेशीवरचा ओळख पटवणारा रेणू) आपल्या एमएचसीला, म्हणजे पेशींवर पेप्टाइडं (प्रथिनांचे तुकडे) धरून दाखवणाऱ्या रेणूंना, धड चिकटत नाही, जगण्याचा संकेत मिळत नाही, आणि त्या संपतात. स्वतःच्या पेप्टाइडला फार घट्ट चिकटणाऱ्यांना ॲपॉप्टॉसिस (पेशीचं ठरवून मरणं), ही निवड वेगळी. दोन्ही एकत्र कालवू नकोस.

खरी गंमत मेड्युलात, म्हणजे थायमसच्या आतल्या भागात, आहे. इन्सुलिन बनतं स्वादुपिंडात. मग थायमसातल्या पेशीला ते दिसणार कसं? तिथल्या एपिथेलियल पेशी एआयआरई जनुकाच्या जोरावर दुसऱ्या अवयवांची प्रथिनं थोडी थोडी बनवून दाखवतात, म्हणजे त्यांच्यावर उलटणाऱ्या टी पेशी इथेच पकडल्या जातात. नाटकाआधीची रंगीत तालीमच म्हण ना. हे जनुक बिघडलं की एपीएस-१, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार: कँडिडाचा संसर्ग, पॅराथायरॉइड आणि ॲड्रिनल निकामी. हे त्रिकूट घोटून ठेव, परीक्षकांना ते फार आवडतं.

बी पेशींची (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींची) ही पहिली छाननी बोन मॅरोत, आणि तिथे आधी रिसेप्टर एडिटिंगची, म्हणजे रिसेप्टर बदलून बघण्याची, संधी मिळते. नाहीच जमलं तर मरण.

एवढं करूनही स्वतःवर उलटणाऱ्या काही टी पेशी निसटतातच. त्यांना आवरायला नियामक टी पेशी, त्यांचं जनुक फॉक्सपी३. 2025 चं वैद्यकाचं नोबेल याच कामाला, ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना. गाइडमध्ये शोधत बसू नकोस, जुन्या आवृत्तीत ते नसणारच.