युनिफॉर्म घट्ट झालाय म्हणून उपाशी राहणाऱ्या ज्युनिअरला

अगं, युनिफॉर्म घट्ट झाला म्हणून तू सकाळचं खाणं सोडलंस असं कळलं. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं. दिवसभर रिकाम्या पोटी वॉर्ड सांभाळायचा आणि रात्री हॉस्टेलवर हाताला लागेल ते पोटात ढकलायचं. मग स्वतःलाच शिव्या, मग पुन्हा उपास. 'माझ्यात संयमच नाही' असं वाटायचं. उपाशी शरीर तसंच वागतं, एवढंच. त्यात नाइट ड्यूटी. झोप अपुरी पडली की भूक चेतवणारं घ्रेलिन हे हार्मोन वाढू शकतं, पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन घटू शकतं. परीक्षेसाठी हे पाठ करतो आपण, स्वतःला मात्र लावत नाही.

लोकांचे वजनावरचे टोमणे खरे मानून आपण स्वतःवरच वापरतो. या सवयीचं उदासीशी आणि अनावर खाण्याशी नातं अभ्यासांतून दिसलंय, आणि बारीक मुलीही त्यातून सुटत नाहीत. बीएमआयचं (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याचं) म्हणशील, तर ते सूत्र १८३०च्या दशकात अॅडॉल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञाने माणसांच्या समूहांचा अभ्यास करताना मांडलं. तुझी लायकी त्यात मोजलेली नाही.

ड्यूटीआधी खा. ब्रेक मागून घे (न मागता मिळत नाही, लिहून ठेव). खाल्लेलं मुद्दाम ओकावंसं वाटलं किंवा दोन आठवडे मन उदासच राहिलं, तर समुपदेशकाकडे जा. मी सोबत येते. जाड पेशंटवर कुणी विनोद केला तर हसू नकोस, रात्री आरशासमोर तोच तुला ऐकू येतो.

आणि युनिफॉर्म एक साइज मोठा शिवून घे. मी तिसऱ्या वर्षापर्यंत उगाच थांबले.