'एकतर्फी' निकाल म्हणजे पक्षपाती निकाल का?

प्रश्न असा आला आहे: फेसबुकवरच्या पोस्टवरून अब्रुनुकसानीचा दावा झाला, प्रतिवादी कोर्टात फिरकलाच नाही आणि निकाल लागला. याला 'एकतर्फी निकाल' म्हटलं तर न्यायाधीश एका बाजूला झुकले असं वाटतं. मग 'गैरहजेरीतला निकाल' म्हणावं का?

'एकतर्फी' खुशाल म्हणावं. मूळ अरबी 'तरफ' म्हणजे बाजू. तो फारसीमार्गे आपल्याकडे 'तर्फ' झाला आणि 'वादीतर्फे' या रूपात कोर्टात रोज कानावर पडतो. एकतर्फी सुनावणीत एकाच तर्फेचं म्हणणं ऐकलेलं असतं, इतकाच अर्थ. एकतर्फी प्रेम म्हणताना आपण प्रेम करणाऱ्याला अप्रामाणिक कुठे म्हणतो? झुकलेपणासाठी 'पक्षपाती' आहे, 'एकांगी' आहे.

रोजनाम्यातली, म्हणजे दाव्याच्या दिवसवार कामकाजाच्या नोंदीतली, नोंद साधारण अशी असते: 'प्रतिवादीवर समन्सची बजावणी झाली. पुकारा करूनही गैरहजर. दावा एकतर्फी चालविण्यात यावा.' 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला ऑर्डर 9, नियम 6 तो हाच. यातलं पहिलं वाक्य फार महत्त्वाचं. बजावणीच झाली नसेल तर पुढचं काही लिहिता येत नाही. आणि एकतर्फी हुकूम झाला म्हणजे वादी जिंकला असंही नाही. पोस्ट प्रतिवादीनेच टाकली, ती आपल्याबद्दलच आहे, तिसऱ्या कुणी ती वाचली, हे वादीला पुराव्याने दाखवावंच लागतं. दावा एकतर्फी चालूनही फेटाळला जाऊ शकतो. प्रतिवादी हजर झाला पण लेखी कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही, तर त्या दाव्याला कोर्टातली मंडळी 'विनाकैफियत' म्हणतात. बातमीत ही दोन्ही सर्रास एक करून टाकतात, ते मला खटकतं.

'गैरहजेरीतला' हा शब्द मी टाळतो, त्याचं खरं कारण पुढे आहे. दावा दाखल होताच वादी पोस्ट काढून टाकण्यासाठी तूर्तातूर्त मनाई, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता मनाई हुकूम, मागतो. नोटीस देण्यात वेळ गेला तर हेतूच फसेल असं वाटलं, तर कोर्ट कारणं नोंदवून ती नोटिशीआधीच देऊ शकतं (ऑर्डर 39, नियम 3). हा हुकूमही एकतर्फीच. पण ज्याला बोलावलंच नाही त्याला गैरहजर कसं म्हणायचं? ब्लूमबर्ग ही वृत्तसंस्था विरुद्ध झी ही टीव्ही कंपनी या प्रकरणात 22 मार्च 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने लेख काढण्याचा अंतरिम आदेश रद्द केला. मजकूर द्वेषबुद्धीने लिहिलेला किंवा उघड खोटा असल्याचं दाखवल्याशिवाय अशी मनाई, विशेषतः एकतर्फी, देऊ नये असं त्यात म्हटलं आहे.

म्हणून बातमी लिहिताना नुसतं 'एकतर्फी निकाल' न लिहिता 'एकतर्फी हुकूमनामा' (दाव्याचा अंतिम निवाडा) की 'एकतर्फी तूर्तातूर्त मनाई' हे स्पष्ट लिहावं. समन्स बजावलं गेलं होतं का, हेही एका वाक्यात सांगावं. नीट बजावणी झाली नसल्यास किंवा न येण्याला सबळ कारण असल्यास हुकूमनामा रद्द करून घेता येतो (ऑर्डर 9, नियम 13). त्यासाठी मुदत 30 दिवसांची. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, आणि समन्स नीट बजावलंच नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून.